साडेसातशे वर्षांपूर्वी अमरावतीच्या रिद्धपुरात एका गड्यानं आठवणींचा अख्खा सेट जमवला होता

ज्यांचं बालपण नव्वदीत गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. बबलगमसोबत क्रिकेटपटूंची कार्डं यायची. गोळी कुणाला हवी होती? कार्ड हवं असायचं. एकच कार्ड चार-चार वेळा यायचं आणि जे हवं ते कधीच यायचं नाही. मग वर्गात, गल्लीत, मामाच्या गावाला जाऊन अदलाबदल चालायची. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांचं असंच आहे, फक्त तिथं आजोबा झालेली माणसंही हा खेळ सोडत नाहीत.

घरचे विचारायचे, यातून मिळतं काय? पोराला उत्तर देता यायचं नाही.

या प्रश्नाचं सगळ्यात भारी उत्तर आपल्या वऱ्हाडात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. तेराव्या शतकात तिथं बसून एका माणसानं एक सेट पूर्ण करायला घेतला होता. कार्डांचा नाही, आठवणींचा. एका माणसाच्या आयुष्यातला प्रत्येक प्रसंग, जितक्या लोकांना आठवतोय तितक्यांकडून, जसा घडला तसा जमवायचा.

त्या माणसाचं नाव म्हाइंभट. आणि त्यानं जमवलेला सेट म्हणजे लीळाचरित्र, मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ. ज्ञानेश्वरी १२९० सालची धरतात, हा त्याच्याही आधीचा.

लीळाचरित्र हे नाव शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. दोन मार्कांना यायचं. पण ते तयार कसं झालं ही गोष्ट पुस्तकाइतकीच भन्नाट आहे.

म्हाइंभट मूळचा वऱ्हाडातला नव्हे. तो सराळ्याचा, म्हणजे गोदावरीकडच्या भागातला. शास्त्रं शिकलेला, वादविवादात तरबेज आणि त्या विद्येचा चांगलाच ताठा असलेला माणूस. तेव्हा त्या भागात चक्रधर स्वामींचं नाव गाजत होतं. मूळचे गुजरातचे, तिथल्या प्रधानाच्या घरातले. रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडून त्यांना ज्ञान मिळालं आणि पुढे ते महाराष्ट्रभर पायी हिंडले. बायकांना आणि गावाबाहेरच्या माणसांना आपल्या पंक्तीत जागा देणारा आणि मराठीत बोलणारा हा संन्याशी पंडितांना खटकत होता. म्हाइंभट त्यांच्याशी वाद घालायला गोदावरीकाठच्या डोमेग्रामला पोचला. गेला जिंकायला आणि परतला हरून. पण ती हार त्याला आयुष्यभर पुरली.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की, चक्रधर स्वामी असताना म्हाइंभट त्यांच्या रोजच्या परिवारातला नव्हता. भेट झाली, ओढ लागली, पण दिवसरात्र सोबत राहणारे वेगळेच होते. नागदेवाचार्य म्हणजे भटोबास, महदाइसा, बाइसा, उमाइसा अशी कितीतरी माणसं. मग साधारण १२७४ च्या सुमारास स्वामी निघून गेले. पंथाच्या भाषेत ते उत्तरापंथे गेले. मागे राहिलेली मंडळी नागदेवाचार्यांबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ येऊन राहिली. म्हाइंभटही तिथंच आला.

म्हणजे ज्यांनी सगळं पाहिलं होतं त्यांच्या गर्दीत, ज्याचं बरंच काही पाहायचं राहून गेलं असा हा एक माणूस. आमच्या मते सगळ्या लीळाचरित्राचं मूळ इथं आहे. ज्यांच्याकडे आठवणी होत्या त्यांना त्या लिहायची गरज वाटली नाही, कारण डोळे मिटले की स्वामी समोर होते. ज्याच्याकडे मोजक्याच होत्या त्याला बाकीच्या हव्या होत्या.

पंथाच्या स्मृतिस्थळ या ग्रंथात ही सुरुवात कशी झाली ते आलंय. नागदेवाचार्य एकांतात बसून कसलंतरी चिंतन करत असायचे. म्हाइंभटानं विचारलं, तुम्ही एवढं काय आठवत असता? त्यांनी सांगितलं की स्वामींच्या लीळा आठवतो. लीळा म्हणजे स्वामींच्या आयुष्यातले प्रसंग. त्यावर म्हाइंभटानं धरलंच, की तुम्हाला आठवतंय तोवर ठीक, पण पुढच्यांचं काय? हे लिहून ठेवलं पाहिजे. नागदेवाचार्यांनी होकार दिला आणि काम सुरू झालं.

रिद्धपूरच्या वाजेश्वरीच्या देवळात ही बैठक बसायची असं परंपरा सांगते. नागदेवाचार्य सांगायचे, म्हाइंभट लिहून घ्यायचा. पण नागदेवाचार्य काही पहिल्या दिवसापासून स्वामींसोबत नव्हते. त्यांच्या आधीचं काय? ते गावाला गेले होते तेव्हाचं काय? एखादी गोष्ट स्वामी फक्त बाइसांशी बोलले असतील तर?

इथून खरा संग्राहक सुरू होतो. म्हाइंभट उठला आणि गावोगाव हिंडायला लागला. ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं होतं, जेवू घातलं होतं, दोन शब्द बोलला होता, त्याला गाठायचं आणि विचारायचं, तुझ्याकडे कोणती लीळा आहे? विचार करा, रस्ते नाहीत, पत्ते नाहीत, आणि ज्यांना शोधायचं ती माणसं दरवर्षी म्हातारी होत चाललेली. एक माणूस गेला की त्याच्याजवळचं कार्ड कायमचं गेलं. ते पुन्हा छापून येणार नव्हतं.

जमवून आणलं की पुन्हा नागदेवाचार्यांसमोर ठेवायचं. तपासायचं. खरं कुठलं, ऐकीव कुठलं, हे पाहायचं. कार्डं जमवणाऱ्याला जे तीन त्रास असतात, म्हणजे न मिळणारं, डबल आलेलं आणि नकली, ते तिन्ही म्हाइंभटाला होते. यातलं डबल हे सगळ्यात अवघड. कारण एकच प्रसंग दोघांनी सांगितला की दोन्ही जुळतीलच असं नाही. या पंथातल्या पोथ्यांनी अशा वेगळ्या पाठांना वासना असं नाव दिलं आणि अमक्याची वासना अशी तर तमक्याची तशी, हे सरळ नोंदवून ठेवलं. एक ठेवून दुसरं फेकून दिलं नाही.

स्वामींचा एक प्रसिद्ध दृष्टांत आहे, आंधळ्यांचा आणि हत्तीचा. कुणाच्या हाताला पाय लागतो, कुणाच्या कान, आणि प्रत्येकाला वाटतं हत्ती असाच. म्हाइंभटाचं काम पाहिलं की हाच दृष्टांत आठवतो. हा गडी सगळ्यांकडे जाऊन विचारत होता, तुझ्या हाताला काय लागलं होतं बाबा?

सेटमधला सगळ्यात दुर्मीळ भाग म्हणजे एकांक. लीळाचरित्राचे तीन भाग आहेत: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांक हा स्वामी एकटेच रानोमाळ हिंडत होते त्या काळाचा. सोबत कुणीच नाही, म्हणजे साक्षीदार नाही. मग हे प्रसंग आले कुठून? पुढे कधीतरी स्वामींनीच भक्तांना बोलता बोलता जे सांगितलं होतं, तेवढंच हाताशी होतं. कुणाला काय सांगितलं, ते शोधून एकेक जोडलं गेलं. मोर्शी तालुक्यातलीच सालबर्डी, तिथं भेटलेली तपस्विनी मुक्ताबाई, ही मंडळी याच भागात येतात.

पुढे वऱ्हाड पानापानांत आहे. आजचं अचलपूर, अकोला जिल्ह्यातलं आलेगाव, बुलढाण्याकडचं मेहकर, लोणार. हजाराहून जास्त लीळांमधून तेराव्या शतकातला महाराष्ट्र समोर येतो. लोक काय खायचे, काय नेसायचे, पोरं कोणते खेळ खेळायची, बाजार कसा भरायचा, भांडायचे कसे. राजांच्या शिलालेखांत हे सापडत नाही. म्हाइंभटाला काही समाजाचा इतिहास लिहायचा नव्हता. त्याला फक्त एकही प्रसंग सोडायचा नव्हता, अगदी किरकोळातला किरकोळसुद्धा. स्वामींनी ताटातलं काय खाल्लं आणि काय बाजूला सारलं, हेही त्याला हवं होतं. नेमकं तेच आज अभ्यासकांच्या कामी येतंय.

आणि भाषा? एवढा संस्कृतचा पंडित, पण सगळं लिहिलं साध्या मराठीत. छोटी छोटी वाक्यं, बोलल्यासारखी. स्वामी मराठीत बोलले, म्हाताऱ्या बायांना कळेल असं बोलले, म्हणून पंथाचं लिखाणही मराठीतच राहील यावर नागदेवाचार्य ठाम होते. म्हाइंभटानं आपली पंडिताई बाजूला ठेवली. इतकंच नाही, स्वतः स्वामींना कसा भेटला तो प्रसंगही या संग्रहात इतरांसारखाच एक म्हणून येतो, नायक बनून नाही. हे करायला जिगर लागते राव.

पहिला सेट होतोय तोवर दुसरा सुरू झाला. स्वामींचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपुरातच राहायचे. लोक त्यांना वेडा म्हणायचे आणि देवही मानायचे. पोरांत खेळायचे, कुणाच्याही घरात शिरून खायचे, जात विचारायचे नाहीत. १२८५ नंतर कधीतरी ते गेले आणि म्हाइंभटानं लगेच त्यांच्याही आठवणी गोळा केल्या. ते गोविंदप्रभूचरित्र, ज्याला ऋद्धिपूरचरित्रही म्हणतात. त्यात तीनशेवर प्रसंग आहेत आणि बहुतेक सगळे या एकाच गावच्या गल्ल्यांत घडतात. एका गावाचं इतकं जुनं आणि इतकं जिवंत चित्र मराठीत दुसरं दाखवता येणार नाही.

जमवलेल्या मालातून पुढच्यांनी आपापले छोटे सेट काढले. केसोबासांनी स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ केला, दृष्टांत वेगळे करून दृष्टांतपाठ केला, त्यात ११४ दृष्टांत आहेत. नंतर स्थानपोथी झाली. स्वामी कुठल्या गावी कुठल्या देवळात थांबले, त्याचं दार कोणत्या दिशेला, आवार कसं, याची यादीच. स्वामींच्या पायाखालच्या जागांचा हा संग्रह म्हणायचा.

आणि मग प्रत्येक संग्राहकाच्या पोटात गोळा आणणारी गोष्ट घडली.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीचं यादवांचं राज्य खिलजींच्या स्वाऱ्यांनी मोडकळीला आलं. धामधुमीत पंथातली मंडळी पोथ्या घेऊन कोकणाकडे निघाली. परंपरा अशी की वाटेत लूट झाली आणि त्यात लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. म्हाइंभटानं वर्षानुवर्षं पायपीट करून जमवलेलं सगळं एका फटक्यात नाहीसं झालं.

पण हा संग्रह कागदाआधी माणसांच्या डोक्यात होता, आणि तो ऐकून, वाचून पुन्हा दुसऱ्या माणसांच्या डोक्यात गेला होता. पंथात हिराइसा नावाची बाई होती, जिची स्मरणशक्ती अफाट होती असं सांगतात. तिच्या आठवणीतून तो पुन्हा उभा राहिला. इतरांनीही आपापल्याला येत होतं ते लिहिलं. त्यामुळे आज लीळाचरित्राचा एकच पाठ नाही, अनेक आहेत. हिराइसेचा पाठ त्यांतला नावाजलेला.

पुढे पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली मुख्य. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं आणि खुणा, किल्ली माहीत नसेल तर वाचताच येणार नाही. पोथ्या मठांत बंद झाल्या आणि बाहेरच्या मराठी माणसाला शेकडो वर्षं या खजिन्याचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, वि. ल. भाव्यांनी या साहित्याकडे लोकांचं लक्ष वेधलं. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्र भागाभागांनी छापलं, नंतर शं. गो. तुळपुळे यांनी संपादन केलं.

आणि १९७८ साली आली वि. भि. कोलते यांची प्रत. हा माणूस आपला वऱ्हाडी, बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचा. शेतकऱ्याच्या घरातून नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेला, पण नाद एकच, महानुभावांच्या पोथ्या. इथे एक, तिथे एक अशा प्रती मिळवायच्या, ओळीला ओळ लावून पाहायची, कुठे काय जास्त, कुठे काय कमी. सातशे वर्षांनंतर म्हाइंभटाचंच काम पुन्हा, फक्त या वेळी माणसांऐवजी पोथ्यांना विचारून.

ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी गोविंदप्रभूचरित्र १९८४ साली इंग्रजीत नेलं आणि आता लीळाचरित्राचं भाषांतरही येतंय. महाराष्ट्र सरकारनं मराठी भाषा विद्यापीठ काढायचं ठरवलं तेव्हा त्यासाठी जागा निवडली ती रिद्धपूरचीच, आणि २०२४ मध्ये ते सुरूही झालं.

कधी अमरावतीकडे गेलात तर मोर्शीच्या वाटेवर रिद्धपूरला वळा. महानुभावांची काशी म्हणतात त्याला, वर्षभर भाविक येत असतात. आणि तिथं कुणी म्हाताऱ्या आजी स्थानांची माहिती सांगायला लागल्या, तर मध्येच फोन काढू नका. पूर्ण ऐका.