संगीतसूर्य केशवराव भोसले

स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. मी साधुसंतांचे किंवा समाजसुधारकांचे नाव न काढता एका नटाचे नाव काढले, तेव्हा दोघीतिघींच्या कपाळाला आठ्या पडल्याच. पण यंदाचा मदतीचा करमणुकीचा कार्यक्रम आपण शेजारच्या आळीतल्या मंडळाबरोबर मिळून करणार आहोत, आणि हँडबिलावर कोणाचे नाव वर छापायचे यावरून आतापर्यंत दोन सभा झाल्या आहेत. अशा दिवसांत मला केशवराव भोसले आठवले, तर त्यात नवल ते काय?

केशवरावांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. वडील लवकर गेले. मुलांचे पोट कसे भरायचे हा प्रश्न आई जानकीबाईंपुढे उभा राहिला. ज्या काळात घरंदाज माणसे नाटकवाल्यांना उंबऱ्याबाहेर ठेवीत, त्या काळात या माउलीने कोवळ्या वयाचा आपला मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीच्या स्वाधीन केला. शाळेची पाटी सुटली आणि तालमीची शिस्त सुरू झाली. मुलाच्या गळ्यात देवाने काय ठेवले आहे, हे तिथे लवकरच कळून आले.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, ती ही कथा. केशवरावांनी शारदेची भूमिका केली तेव्हा ते स्वतःच शारदेच्या वयाचे होते. बायकांनी रंगभूमीवर येण्याचा तो काळ नव्हता. विकल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख एका परकरातल्या मुलाने गाऊन दाखवावे आणि थिएटरातल्या बापांनी माना खाली घालाव्यात, असा तो प्रकार. मला विचाराल तर या नाटकाने केलेले काम पुष्कळशा व्याख्यानांनी झाले नसते.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. वय अवघे सतरा! नाटक मंडळी चालवणे म्हणजे फिरता संसार, हे आपल्यासारख्या गृहिणींना समजावून सांगायला नको. नट, तबलजी, पेटीवाला, पडदे ओढणारे, आचारी, एवढ्या माणसांच्या पंगती दोन वेळा उठायच्या आणि गावोगावी बिऱ्हाड हलवायचे. पावसाने प्रयोग बुडाला तरी चूल पेटायला हवीच. तो सारा भार या मुलाने उचलला, आणि शिवाय गाणे वाढवले. रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या कडक गवयाची तालीम त्यांनी घेतली. तडफदार, चढा आणि वेगवान असा त्यांचा गळा होता. लोकांनी ‘संगीतसूर्य’ म्हटले ते उगाच नव्हे.

मामा वरेरकरांचे हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढणारे ‘हाच मुलाचा बाप’ आणि पुढे १९१९ साली ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके याच मंडळीने रंगभूमीवर आणली. पौराणिक नाटकांवर गल्ला ठरलेला असताना नव्या लेखकाच्या सामाजिक नाटकावर पैसा लावायचा, हे मालकाच्या छातीचे काम.

त्याच काळात दुसरीकडे बालगंधर्वांचे राज्य होते. त्यांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघालेली. त्यांचे गाणे मृदू आणि लडिवाळ, यांचे लखलखीत. दोघांच्या चाहत्यांचे तट पडले होते. एकाची स्तुती दुसऱ्याच्या निंदेवाचून पुरी होत नसे. आपल्याकडे दोन सुगरणींच्या पुरणपोळ्यांवरून घरे विभागतात, तसेच ते!

आणि मग आला ८ जुलै १९२१ चा दिवस. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले होते. त्यांच्या नावाने महात्माजींनी स्वराज्य फंड उभारला होता आणि एक कोटी रुपयांचा संकल्प सोडला होता. बायका अंगावरचे दागिने उतरवून देत होत्या. नाटकवाल्यांजवळ द्यायला होती ती त्यांची कला. धर्मकार्यासाठी एखाद्या मंडळीने एखादा प्रयोग देणे ही काही नवी गोष्ट नव्हती. परंतु हे दोन प्रतिस्पर्धी मालक एकाच रात्री, एकाच नाटकात, मुंबईच्या बालीवाला थिएटरात उभे राहिले. नाटक होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर.

भामिनीची भूमिका १९११ सालच्या पहिल्या प्रयोगापासून बालगंधर्वांची. त्या नाटकावर प्रेक्षक त्यांच्याच नावाने जीव टाकीत. दुसऱ्याच्या अशा हक्काच्या अंगणात जाऊन गायचे, आणि तेही आपल्या नावावर पैजा लागलेल्या असताना! एक पद किंचित कमी रंगले असते तरी उद्या गावभर चर्चा झाली असती. धोका बालगंधर्वांनाही होताच, पण माझ्या मते केशवरावांना तो अधिक. शिवाय दोघांचाही प्रपंच या धंद्यावर, आणि त्या रात्रीचे उत्पन्न फंडाचे. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे असूनही थिएटर तुडुंब भरले. ज्यांनी ते ‘संयुक्त मानापमान’ पाहिले, ते पुढे म्हातारपणापर्यंत त्याच्याच आठवणी सांगत राहिले. कोण सरस ठरले यावर मात्र त्यांचे कधीही एकमत झाले नाही. नाटकात श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा आधी अपमान करते आणि मग त्याचे मोल ओळखते. देशासाठीच्या फंडाला याहून शोभणारे नाटक कोणते मिळाले असते?

पुढची हकीकत लिहिताना हात जड होतो. तीन महिनेही झाले नाहीत तोच केशवरावांना विषमज्वराने गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांनी वाढवलेल्या मंडळीचा भार बापूराव पेंढारकरांनी शिरावर घेतला, आणि त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ‘ललितकलादर्श’चे नाव कितीतरी वर्षे जागते ठेवले.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात खासबाग मैदानाला लागून ‘पॅलेस थिएटर’ बांधले होते. त्याला पुढे केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्या नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी हार घालायला यायची ती माणसे राखेपुढे उभी राहून रडली.