लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. त्यांची ख्याती मुख्यतः लोखंडी नांगरामुळे आहे. परंतु यंत्रे घडवणाऱ्या यंत्रापर्यंत, म्हणजे लेथपर्यंत झालेली त्यांच्या उद्योगाची वाटचाल तितकीच लक्षणीय आहे.

पूर्वजीवन

चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. काही रंगांमधील फरक ओळखता येत नसल्याने ते रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. यंत्रविद्येची पदवी त्यांच्याकडे नव्हती. याच काळात, १८८८ साली, थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. सायकलचे चाक आसाभोवती छर्र्यांवर फिरते. कोन फार आवळला तर ते जड होते, सैल राहिला तर डुलते. बेअरिंगचा हा पहिला धडा गिरवायला सायकलीसारखे साधन नाही. नोकरीत बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी मुंबई सोडली.

किर्लोस्करवाडी

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व नंतर लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमिनीत विष उतरते, या समजुतीमुळे सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळाले नाही. गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्थानकाजवळची ३२ एकर माळजमीन व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगरांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे व पुढे पंपही तेथे होऊ लागले. चरकात लाटांचा सारा दाब बेअरिंगवर येतो. तेथे वंगण कमी पडले की आधी बैल थकतात, मग बेअरिंग खाल्ले जाते.

लेथनिर्मिती

१९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना उभा राहिला. लेथचा कस त्याच्या बेडवर ठरतो. बिडाच्या या ओतीव बेडवरील उलट्या व्हीच्या आकाराच्या व सपाट पट्ट्यांवरून हत्यार धरणारा कॅरेज सरकतो. ओतकामातील ताण निघून जावेत म्हणून जुन्या पद्धतीत बेड कित्येक महिने तसाच ठेवत. मग निळा रंग लावून उंचवटे शोधत आणि ते हाताने खरवडून काढत. एवढे करूनही पाया खचला किंवा बसवताना लेव्हल चुकली, तर बेडला पीळ पडतो व दंडगोल निमुळता उतरतो. बहुतेक काम चकजवळ होत असल्याने पट्ट्या तेथेच अधिक झिजतात. म्हणून रोज चूर पुसून तेल देणे हे कारागिराचे पहिले काम. हलक्या व वेगवान यंत्रांत आज छर्र्यांवर सरकणारे लिनियर गाईड वापरतात. जड कापाला व हादऱ्याला मात्र सरकत्या पट्ट्या अजूनही अनेक ठिकाणी पसंत केल्या जातात.

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६९ साली त्यांचे टपाल तिकीट प्रसिद्ध केले.