नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (१८५९–१९३६) हे भारतीय भूचुंबकशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून ते ओळखले जातात. अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळेची उभारणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४०च्या दशकापासून भूचुंबकीय नोंदी नियमित होऊ लागल्या. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तेथे काम केले होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर नसते. गाभ्यातील द्रवरूप लोखंडाच्या हालचालींमुळे ते वर्षानुवर्षे संथपणे बदलते, तर सूर्याच्या प्रभावाने त्यात काही तासांतही चढउतार होतात. हे दोन्ही बदल वेगळे करण्यासाठी दीर्घकाळाच्या अखंड नोंदी आवश्यक असतात.

कारकीर्द

एडिंबरा येथे उच्च शिक्षण घेतलेले मूस १८९६ मध्ये वेधशाळेचे संचालक झाले. त्याच सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटत होते. विद्युतप्रवाहामुळे सूक्ष्म चुंबकीय नोंदी दूषित होऊन साठ वर्षांची परंपरा निरुपयोगी ठरण्याचा धोका होता. म्हणून मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागची जागा निवडण्यात आली. उपकरणांच्या इमारतीसाठी चुंबकीय गुणधर्म तपासलेला पोरबंदरी दगड वापरला गेला व लोखंड कटाक्षाने टाळले गेले.

अलिबागला १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. परंतु कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबविल्या गेल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू राहिले. तसे झाले नसते, तर आकड्यांतील फरक स्थळामुळे पडला की काळामुळे, हे ठरविता आले नसते. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर स्थलांतर पूर्ण झाले होते.

संशोधन

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी व त्यांचे विवेचन मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. अनेक चुंबकीय वादळांच्या नोंदी एकत्र मांडून त्यांनी वादळाचे सरासरी स्वरूप दाखविले. वादळात क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक झपाट्याने घटतो आणि पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागतात. पुढील भूचुंबकीय संशोधनास या ग्रंथाचा मोठा आधार मिळाला.

वारसा

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले. अलिबाग वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत कार्यरत आहे. कुलाबा-अलिबागची नोंदमालिका जगातील दीर्घ भूचुंबकीय नोंदमालिकांपैकी एक मानली जाते.