पबमेडचे पणजोबा

अपस्माराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली तर बरे किती होतात आणि दगावतात किती? १८६० साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एम.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्या जॉन शॉ बिलिंग्ज या तरुणाला एवढेच हवे होते. त्यासाठी त्याला सुमारे सहा महिने सिनसिनाटी, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत जाडजूड खंड चाळावे लागले. माहिती छापलेली होती, पण ती सापडत नव्हती. रुग्णाच्या दृष्टीने अशी माहिती असून नसल्यासारखीच.

अमेरिकी यादवी युद्धात लष्करी शल्यचिकित्सक म्हणून काम केल्यावर डॉ. बिलिंग्ज यांची वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या कार्यालयात नेमणूक झाली. तिथल्या छोट्या ग्रंथसंग्रहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. युद्ध संपल्यावर लष्करी रुग्णालयांच्या निधीतून उरलेले सुमारे ८० हजार डॉलर या संग्रहाला मिळाले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर जिथे गोळी झाडली गेली, त्या फोर्ड्स थिएटरच्या इमारतीत ग्रंथालय हलले आणि ग्रंथ वाढू लागले. मग ग्रंथांपेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला : नियतकालिकांतले लेख शोधायचे कसे?

आज ज्याला डेटाबेसची रचना म्हणतात, तीच त्यांनी कागदावर केली. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र कार्ड. नवी नोंद आली की नवे कार्ड मधे सरकवायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. वहीत हे शक्य नसते. रुग्णालयातली जुनी रजिस्टरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना समासात कोंबलेल्या नोंदी आठवतील.

त्यांचा खरा शहाणपणा मात्र वर्गीकरणात दिसतो. रोगांची शास्त्रशुद्ध उतरंड रचून त्यानुसार सूची करावी, असा मोह त्या काळी स्वाभाविक होता. बिलिंग्ज यांनी तो टाळला आणि लेखक व विषय एकाच वर्णानुक्रमात लावले. क्षयाचा जंतू कॉखने शोधला १८८२ मध्ये. त्याआधी रोगाच्या कारणांवर उभारलेली कोणतीही सूची पुढच्या दहा वर्षांत मोडीत निघाली असती. कारणे बदलली, सिद्धान्त बदलले तरी डॉक्टर शोधतो ते रोगाच्या नावानेच. नियतकालिकांतले लेख त्यांनी फक्त विषयाखाली नोंदवले, लेखकाच्या नावाखाली नाही. कोण्या लेखकाचे सगळे लेख शोधणाऱ्याची यात गैरसोय होती, पण प्रत्येक लेखाच्या दोन नोंदी करण्याइतके हात त्यांच्याकडे नव्हते.

१८७६ मध्ये त्यांनी आधी फक्त नमुन्याचा एक छोटा भाग छापला, तो डॉक्टरांना पाठवून मते मागवली आणि त्या पाठिंब्यावर अमेरिकी काँग्रेसकडून छपाईचा पैसा मिळवला. संध्याकाळी नियतकालिके घरी नेऊन नोंदवायच्या लेखांवर ते स्वतः खुणा करत. कारकून त्यावरून कार्डे लिहीत. ‘इंडेक्स कॅटलॉग’चा पहिला खंड १८८० मध्ये आला, सोळावा १८९५ मध्ये.

यात एक अडचण उघड होती. ‘ए’चा खंड छापून झाल्यावर ‘ए’चे नवे लेख येतच राहणार. त्यावर उपाय म्हणून १८७९ पासून डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांच्या साथीने ताज्या लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू झाली. मोठी सूची सावकाश, छोटी सूची दरमहा. पैशाअभावी १८९९ मध्ये तीही थांबली. १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या मदतीने पुन्हा निघाली.

दरम्यान जनगणनेच्या मृत्युविषयक आकडेवारीचे कामही त्यांच्याकडे होते. हे मोजण्याचे काम यंत्राने व्हायला हवे, असे त्यांनी हर्मन हॉलेरिथ या तरुण अभियंत्याला सुचवले. हॉलेरिथने भागीदारी देऊ केली. बिलिंग्ज यांनी ती नाकारली. प्रश्न सुटण्यातच त्यांना रस होता. हॉलेरिथच्या छिद्रित कार्डांच्या यंत्राची एक सुरुवातीची चाचणी बाल्टिमोरच्या मृत्यूंच्या नोंदींवर झाली आणि १८९० ची जनगणना त्याच यंत्रांवर मोजली गेली. हॉलेरिथची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली, तिचेच नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा आराखडा बिलिंग्ज यांचाच, आणि विल्यम ऑस्लर यांना तिथे आणणारेही तेच. १८९५ मध्ये त्यांनी सर्जन जनरलचे ग्रंथालय सोडले, तेव्हा तिथे एक लाखाहून अधिक ग्रंथ होते. नंतर त्यांनी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी उभी केली. तिची भव्य इमारत १९११ मध्ये खुली झाली आणि ११ मार्च १९१३ रोजी बिलिंग्ज गेले.

त्यांचा ‘इंडेक्स कॅटलॉग’ १९६१ पर्यंत निघाला. ‘इंडेक्स मेडिकस’ची नोंदणी १९६४ मध्ये संगणकावर गेली, १९९७ मध्ये पबमेड सर्वांसाठी मोफत झाले आणि छापील मासिक २००४ पर्यंत निघत राहिले. अपस्मारावरील शस्त्रक्रियेचे निबंध आज तिथे रोगाच्या नावानेच शोधता येतात.