सम्राट कॉन्स्टंटाइन : कांस्य नाण्यांवरील चिन्हे आणि चरित्र

प्रास्ताविक

शब्दाचा अर्थ समाजातील वापरातून ठरतो, हे तत्त्व आपल्याला परिचित आहे. दृश्य चिन्हांनाही ते लागू पडते का, हे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या चरित्राच्या आधारे पाहू. सोन्याचे नाणे मोजक्यांच्या हाती पडे. कांस्याचे नाणे मात्र बाजारात आणि सैन्याच्या छावणीत रोज फिरत असे. त्यावरील चित्र म्हणजे राजसत्तेने सामान्यांशी साधलेला संवादच होता.

चरित्र

कॉन्स्टंटाइनचा जन्म आजच्या सर्बियातील निश (तत्कालीन नाइसस) येथे इ. स. २७२च्या सुमारास झाला. पिता कॉन्स्टँटिअस याच्या निधनानंतर ३०६ मध्ये ब्रिटनमधील यॉर्क येथे सैन्याने त्याला सम्राट घोषित केले. ३१०च्या सुमारास त्याच्या कांस्य नाण्यांवर किरणांचा मुकुट ल्यालेला, हाती पृथ्वीगोल घेतलेला सूर्यदेव अवतरला. सूर्य हा सम्राटाचा सहचर आहे, असे त्यावर कोरलेले असे.

३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईत तो विजयी झाला. ख्रिस्ती लेखक या विजयाचे श्रेय ख्रिस्ताच्या कृपेला देतात. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्यही मिळाले. तरीही नाण्यांवरचा सूर्य लगेच मावळला नाही. तो आणखी काही वर्षे तळपत राहिला.

३२४ मध्ये प्रतिस्पर्धी लिसिनिअसचा पराभव करून तो एकछत्री सम्राट झाला. त्या युद्धात आरमाराचे नेतृत्व करणारा थोरला पुत्र क्रिस्पस याच्या नावानेही नाणी पाडली जात होती. ३२६ मध्ये पित्यानेच त्याला देहदंड दिला. त्यानंतर टाकसाळींतून क्रिस्पसचे नाव नाहीसे झाले. नाण्यांचे हे मौनही अर्थपूर्ण आहे.

पुढे लवकरच कॉन्स्टँटिनोपल येथे एक वेगळे कांस्य नाणे निघाले. त्यावर ख्रिस्ताच्या नामाक्षरांची मुद्रा मिरवणारा राजध्वज सर्पाला विंधताना दिसतो. हा सर्प म्हणजे लिसिनिअस, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र ३३० मध्ये नव्या राजधानीचे लोकार्पण झाले, तेव्हाच्या नाण्यांवर रोमची मादी लांडगा आणि तिचे दूध पिणारी जुळी बालकेही होती. जुन्या नगरीचा मान राखला गेला.

मृत्यूसमयी बाप्तिस्मा घेऊन ३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन निधन पावला. मरणोत्तर नाण्यांवर तो चार घोड्यांच्या रथातून वर जाताना दिसतो आणि आकाशातून एक हात त्याच्याकडे झेपावतो. जुन्या धर्माच्या माणसाला त्यात सूर्याचा रथ आठवावा, ख्रिस्ती माणसाला ईश्वराचा हात दिसावा, अशीच ही रचना आहे.

सारांश

चिन्हे एका रात्रीत बदलत नाहीत. नवा अर्थ जुन्या अर्थाला सोबत घेऊन समाजात रुजतो. एकच नाणे दोन समाजांना दोन अर्थ सांगू शकले, यातच त्याचे सामर्थ्य होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

कॉन्स्टंटाइनच्या मरणोत्तर नाण्यावरील चित्राचे दोन अर्थ कोणते आणि ते एकत्र का नांदू शकले, ते स्पष्ट करा.