थॉमस डार्सी मॅक्गी

ज्यानें आपला देश सोडला त्यानें त्या देशाच्या राजकारणाविषयीं काय बोलावें व किती बोलावें, हा प्रश्न आमच्या वाचकांस परका नाहीं. आमच्यांतील कितीएक कुटुंबें पोटासाठीं दूरदेशीं गेलीं आहेत, आणि सुटींत घरीं आलेल्या मंडळींचीं मतें गांवीं राहिलेल्यांस कधीं रुचतात, कधीं खुपतात. म्हणून थॉमस डार्सी मॅक्गी या आयरिश कॅथोलिक गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मॅक्गी यांचा जन्म १३ एप्रिल १८२५ रोजीं आयर्लंडांतील कार्लिंगफर्ड गांवीं झाला. आई ते ८ वर्षांचे असतांना वारली. १७ व्या वर्षीं ते अमेरिकेस गेले, आणि केवळ लेखणीच्या बळावर दोन वर्षांत बॉस्टन येथील 'पायलट' या कॅथोलिक पत्राचे संपादक झाले. १८४५ सालीं ते स्वदेशीं परतले. त्याच वर्षीं बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळास आरंभ झाला. इंग्रज सत्तेवरील त्यांचा राग अकारण नव्हता. 'यंग आयर्लंड' या तरुणांच्या पक्षास ते मिळाले. १८४८ सालचें बंड फसलें, आणि मॅक्गी पाद्र्याचा वेष घेऊन निसटले ते पुन्हां अमेरिकेस पोहोंचले.

येथें एक गोष्ट लपवावी असें आम्हांस वाटत नाहीं. बंड फसल्याचा दोष त्यांनीं आयरिश धर्मगुरूंच्या माथीं मारला, व न्यू यॉर्कचे बिशप ह्यूज यांच्याशीं त्यांचा कडाक्याचा वाद झाला. पुढें त्यांचें मन पालटलें आणि ते ख्रिस्तसभेचे निष्ठावंत कैवारी बनले.

अमेरिकेंतील शहरांच्या गलिच्छ वस्त्यांत आयरिश मजूर खितपत पडले होते, आणि कॅथोलिकांचा द्वेष करणारा एक पक्ष तेथें बळावला होता. या स्थितीस विटून मॅक्गी १८५७ सालीं कॅनडांत माँट्रियल येथें गेले व वर्षअखेर विधिमंडळावर निवडून आले. येथेंही राज्य इंग्लंडच्या राणीचेंच. परंतु कारभार लोकांच्या प्रतिनिधींच्या हातीं, आणि कॅथोलिकांस आपल्या शाळा चालविण्याची मोकळीक. आयर्लंडनें हेंच मागावें, बंदुकीच्या मार्गानें त्याचें अहितच होईल, असें त्यांचें मत बनलें. उलट फेनियन नांवाच्या गुप्त मंडळाचे अमेरिकेंतील आयरिश लोक कॅनडावर हल्ला करून इंग्लंडास नमविण्याचा बेत करीत होते. १८६५ सालीं मॅक्गींनीं आयर्लंडांत वेक्सफर्ड येथें व्याख्यान देऊन फेनियनांचा कडक निषेध केला आणि आपल्या तरुणपणच्या बंडासही मूर्खपणांत काढलें. जुन्या सोबत्यांनीं त्यांस देशद्रोही ठरविलें. आमच्या मतें त्यांचें म्हणणें बरोबर होतें, बोलणें मात्र फार कठोर. दुष्काळांत आपलीं माणसें पुरून आलेल्यांस तें झोंबल्यावांचून कसें राहील?

१८६६ च्या जूनांत फेनियनांनीं खरोखरच कॅनडावर स्वारी केली, ती फसली. १ जुलै १८६७ रोजीं कॅनडाचें संयुक्त राज्य स्थापन झालें. तें घडविणाऱ्यांत मॅक्गी प्रमुख होते, तरी त्याच वर्षीं माँट्रियलच्या सेंट पॅट्रिक सोसायटीनें त्यांस सभासदत्वांतून काढलें, आणि निवडणुकींत ते थोडक्या मतांनीं तगले.

आयर्लंड त्यांच्या मनांतून गेलें नव्हतें. ४ एप्रिल १८६८ रोजीं त्यांनीं लॉर्ड मेयो यांस पत्र लिहून मायभूमीच्या हिताची रदबदली केली. (हेच मेयो पुढें हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले, १८७२ सालीं अंदमानांत त्यांचाही खून झाला.) तीन दिवसांनीं, ७ एप्रिलच्या पहांटे दोननंतर, ऑटावा येथील पार्लमेंटाची बैठक आटोपून मॅक्गी बिऱ्हाडाच्या दारांत कुलूप उघडीत असतां कोणी मागून गोळी घातली. पॅट्रिक व्हेलन नांवाच्या आयरिश शिंप्यास ११ फेब्रुवारी १८६९ रोजीं फांशी झाली. गोळी आपण झाडली नाहीं, असें तो शेवटपर्यंत सांगत होता, आणि त्याविषयीं आजही वाद आहे.

मॅक्गींच्या मागें पत्नी व दोन मुली राहिल्या. माँट्रियल येथें १३ एप्रिल रोजीं त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्या दिवशीं त्यांस ४३ वर्षें पूर्ण झालीं असतीं.