बेळगावचे इंग्रजीचे मास्तर : ए. के. रामानुजन

रामानुजन म्हटलं की सगळ्यांना गणितातले रामानुजन आठवतात. मला सांगायचंय ते दुसऱ्या रामानुजनांबद्दल, म्हणजे अट्टिपट कृष्णस्वामी रामानुजन यांच्याबद्दल. गंमत अशी की यांचे वडील गणिताचेच प्राध्यापक. जन्म १६ मार्च १९२९ चा, म्हैसूरचा. घर तमिळ. खाली आईची तमिळ, वर माडीवर वडिलांची इंग्रजी आणि रस्त्यावर गेलं की कन्नड. आमच्या कोगनोळीत याचं कुणाला नवल वाटणार नाही. कागल सोडून हायवेनं पुढं आलं की कर्नाटकात लागणारं हे गाव. घरी मराठी, सरकारी कागदावर कन्नड, आणि नोकरीच्या अर्जाला इंग्रजी.

म्हैसूरला इंग्रजीत एम. ए. करून, दक्षिणेत एकदोन कॉलेजांत शिकवून रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तो हाच काळ. त्यावरून आमच्याकडं चहाच्या गाड्यावर आजही वाद होतात, ते असो. मला ओढ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वर्गात इंग्रजी साहित्य शिकवणारा हा तरुण मास्तर वर्गाबाहेर कानडी लोककथा ऐकून लिहून घेत होता. नोकरीचा तो भाग नव्हता.

लोकसाहित्याच्या पेपरला आम्ही जगभरच्या लोककथा वाचतो, तेव्हा ग्रीकांचा ईडिपस येतोच. बापाला मारून नकळत आईशी लग्न करणारा राजा. रामानुजनांना उत्तर कर्नाटकातल्या एका खेड्यात, डोळ्यांनी अधू असलेल्या म्हातारीकडून याच घाटाची गोष्ट मिळाली. एका मुलीच्या कपाळी लिहिलेलं असतं की ती स्वतःच्या मुलाशी लग्न करील. ते टाळायला ती रानात एकटी राहते, तरी तिला मूल होतं. त्याला ती आपल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नदीत सोडते. दुसऱ्या राज्यातला राजा त्याला वाढवतो. मोठा होऊन तो शिकारीला येतो, तिच्या प्रेमात पडतो, लग्न करतो. त्यांना मुलगा होतो. बाळाला गुंडाळायला नवऱ्याच्या बाळपणीचं जुनं फडकं काढतात, आणि तिला आपलं लुगडं ओळखू येतं. सगळे झोपल्यावर ती पाळण्याशी बसून बाळाला अंगाई म्हणते. त्या अंगाईत तो तिचा मुलगा असतो, नातू असतो आणि नवऱ्याचा भाऊही असतो. मग ती गळफास घेते.

सोफोक्लीजच्या नाटकात सगळं मुलाच्या बाजूनं घडतं, म्हातारीच्या गोष्टीत आईच्या बाजूनं. रामानुजनांनी हे दोन्ही शेजारी ठेवलं आणि गोष्ट कोण सांगतंय याकडं बोट दाखवलं. मला वाटतं, त्यांचं सगळ्यांत मोठं काम हेच. तोंडाला मातीचा मुखवटा लावून घर सोडणाऱ्या हंचीची कथा त्यांनी मिळवली, तीही सिंड्रेलाच्या शेजारी बसते. पण हंचीला कुणाची परी भेटत नाही, तिला स्वयंपाक उत्तम येतो एवढंच.

आणखी एक कथा तर आमच्या वर्गात सगळ्यांना आवडली. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, पण ती ते कुणालाच सांगत नाही. कोंडून कंटाळलेली गोष्ट एक दिवस तिच्या तोंडातून निसटते आणि दारात जोडा होऊन बसते. गाणं पुरुषाचा कोट होऊन खुंटीवर लटकतं. नवऱ्याला संशय येतो, भांडण होतं, तो रागानं मारुतीच्या देवळात झोपायला जातो. तिथं गावातल्या विझलेल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारत असतात, त्यातून त्याला खरं कळतं. सकाळी घरी येऊन तो बायकोला विचारतो, तर ती दोन्ही विसरलेली असते. गिरीश कर्नाडांच्या ‘नागमंडल’मध्ये ज्योती आणि गोष्ट रंगमंचावर येतात. ज्या कथांवर ते नाटक उभं आहे, त्या कर्नाडांनी रामानुजनांकडूनच ऐकल्या होत्या.

पुढचा प्रवास भराभर झाला. बडोदा, पुण्याचं डेक्कन कॉलेज, १९५९ ला अमेरिका, इंडियाना विद्यापीठातून भाषाशास्त्रात पीएच. डी., मग शिकागोत अखेरपर्यंत प्राध्यापकी. स्वतः कवी. वचनांचे आणि संगम कवितांचे इंग्रजी अनुवाद गाजले, १९७६ ला पद्मश्री मिळाली. १९९१ ला भारतातल्या बावीस भाषांतल्या लोककथांचं पुस्तक आलं. १३ जुलै १९९३ ला ते गेले. सत्त्याहत्तर कानडी कथांचा संग्रह निघाला तो त्यानंतर, १९९७ ला.

गेल्यावरही अभ्यासक्रमानं त्यांना सोडलं नाही. रामायणाच्या अनेक रूपांवरचा त्यांचा निबंध २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठानं बी. ए. इतिहासाच्या वाचनातून काढला. नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघं निबंध ठेवावा या मताचे होते, तरीही. एकच कथा पाच तऱ्हेनं वाचायची नसेल तर आमचा हा पेपर कशासाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदा प्रकल्पासाठी प्रत्येकानं घरातली एक गोष्ट आणायची होती. माझी आज्जी माहेरची कानडी. तिनं आधी नको नको म्हटलं, मग भाकरी थापताथापताच सुरुवात केली. मला निम्मं कळत होतं, निम्मं आई मराठीत सांगत होती. मोबाईलवर सात मिनिटांचं रेकॉर्डिंग झालंय. त्यातले दोन शब्द आईलाही लागले नाहीत. ते विचारायला रविवारी आज्जीच्या थोरल्या बहिणीकडं, संकेश्वरला जायचंय.